प्राणीसंग्रहालय ‘भारी’ कशामुळे वाटतं?

झुळूक:
लेकाची सुट्टी संपायच्या आत कुठेतरी जायचं म्हणून घरी आठवडाभर चर्चासत्र चालू आहे. नवरा म्हणतो मैसूर, सासूबाई म्हणतात कुठेही चला पण बसायला सावली पाहिजे, आणि लेकाचं एकच, जिथे वाघ दिसेल तिथे. म्हणून रात्री बसून वेगवेगळ्या झूंचे ऑनलाईन रिव्ह्यू वाचले आणि डोकंच फिरलं. पाच स्टार का, तर पार्किंग मोठं आहे. एक स्टार का, तर ‘सिंह झोपला होता, पैसे वाया’. अहो सिंह दिवसातले वीस तास लोळतच असतो, जंगलात पण, तो तुमच्या तिकिटासाठी उठून कवायत करणारे का?

तर प्रश्न असा की आपण घरी येऊन ‘मस्त होतं हं’ म्हणतो ते नक्की कशाच्या जोरावर? प्राणी किती आहेत त्याच्यावर तर नक्कीच नाही, कारण पन्नास पिंजरे बघून झाले की पंचवीसच्या पुढचं मला तरी काही आठवत नाही. माझा अंदाज असा की ज्या झूमध्ये आपण एका जागी जास्त वेळ थांबतो ते आवडतं. कात्रजच्या सर्पोद्यानात घोणस ठेवलेली, काचेच्या आत वाळका पाला, आणि आम्हाला काही म्हणजे काही दिसेना. बाजूच्या काकू म्हणाल्या रिकामंच आहे चला पुढे. तेवढ्यात लेक ओरडला, डोळा! मग त्या एका डोळ्यावरून मागे मागे जात तपकिरी गोल ठिपक्यांची साखळी दिसायला लागली आणि कळलं की अख्खा साप आमच्या नाकासमोरच वेटोळं घालून बसलाय, हललासुद्धा नाहीये. मग आमचा लेक तिथेच ठाण मांडून बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘शोधा बघू’ म्हणत राहिला. हत्ती वगैरे सगळं बघितलं नंतर, पण घरी येऊन आजीला सांगितलं ते घोणशीचंच.

तुम्हाला कुठलं आवडलं आणि का, जरा सविस्तर लिहा.

तर्रीवाला:
पहिला! बाकी सवडीने लिहितो.

खडूस_आजोबा:
आम्ही राणीच्या बागेवर वाढलेले. १८६२ पासूनची बाग आहे ती, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान नाव झालं तरी टॅक्सीवाल्याला राणीबागच सांगावं लागतं. आमच्या लहानपणी हत्तीवर बसून चक्कर मिळायची आणि ती बंद झाली ते बरंच झालं असं आता वाटतं, तेव्हा मात्र त्याच्यासाठी रडायचो. लोक प्राणी बघायला येतात पण खरं म्हणजे भायखळ्यासारख्या ठिकाणी एवढी जुनी मोठाली झाडं एकत्र बघायला मिळणं हेच मोठं आहे. कैलासपती, गोरखचिंच, उर्वशी... उर्वशी फुललेली असताना खाली उभं राहून बघा एकदा, लालबुंद झुंबरं लटकलेली असतात. भर मे महिन्यात सुद्धा त्या सावलीत डबा उघडून बसता येतं. झुळूक, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे, सावली नसेल तर पुढचं सगळं फुकट.

अनघा_दोन_पिल्लं:
सावली +१००. आणि टॉयलेट. आणि पिण्याचं पाणी. मला कुणी ‘निसर्गाचा अनुभव’ वगैरे सांगू नका, धाकटी अडीच वर्षांची असताना एका झूला गेलो होतो (नाव नाही घेत), बोर्डवर टॉयलेटचा बाण, बाणामागून एवढं चालत गेलो तर कुलूप, आणि वॉचमन म्हणतो चावी साहेबांकडे. त्या दिवशी तिथे बिबट्या होता म्हणे. असेल.
त्यामुळे पार्किंगला पाच स्टार देणाऱ्यांना हसू नका झुळूकताई, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असली की झू म्हणजे तीन-चार किलोमीटरची पायपीट असते, मध्ये बाकडं आणि नळ आहे का नाही ह्यावरच दिवस कसा जाणार ते ठरतं.

झुळूक:
@अनघा, बिबट्या होता म्हणे. असेल 😄 हे भारी. पण मग माझंच म्हणणं झालं ना, बाकडं असेल तर माणूस थांबेल, थांबला तर बघेल. माझा वैताग असा आहे की बाकडी नेहमी आईस्क्रीमच्या गाडीसमोर असतात, पिंजऱ्यासमोर नसतात.

सिंगापुरी_काजू:
आम्ही इथे बरीच वर्षं आहोत आणि भारतातून पाहुणे आले की झूची वारी ठरलेली. सिंगापूर झू १९७३ ला सुरू झालं आणि सुरुवातीपासून त्यांनी ठरवलं की गज शक्य तितके दिसूच द्यायचे नाहीत. मध्ये पाण्याचा चर, त्याच्यावर झाडी अशी लावलेली की तुमच्या आणि प्राण्याच्या मध्ये काहीच नाही असं वाटतं. ही कल्पना तशी जुनी, जर्मनीत हॅम्बुर्गला हागेनबेकने १९०७ मध्ये पहिल्यांदा बिनगजाचं प्राणीसंग्रहालय उघडलं, पण सिंगापूरने ती पावसाळी जंगलात बसवली. ओरांगउटान तर डोक्यावरच्या दोरांवरून चालत जातात. माझे सासरे खुर्चीत बसून मान वर करून बघत राहिले, एक मादी पिल्लाला पोटाशी घेऊन निवांत पेरूसारखं काहीतरी खात होती आणि साल खाली टाकत होती, ती साल सासऱ्यांच्या टोपीवर पडली. त्यांना एवढा आनंद झाला की विचारू नका, ती टोपी पुण्याला परत नेली आणि धुवू देत नाहीत म्हणे.

नाईट सफारी वेगळी, ती १९९४ ची, रात्री चांदण्यासारखा उजेड आणि ट्राम. जे प्राणी दिवसा मुटकुळं करून पडलेले दिसतात ते रात्री कामाला लागलेले दिसतात. ‘सिंह झोपला होता’ वाल्यांना तिथे पाठवा.

खर्च मात्र दणकून आहे हे आधीच सांगते.

निळू_फोटोवाला:
झू चांगलं की वाईट हे माझ्यामते फाटक किती वाजता उघडतं ह्यावर आहे 😀 आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साडेनऊला वगैरे तिकीट खिडकी उघडते, तोपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि मांसाहारी मंडळी आडवी झालेली असतात. माझा अनुभव, ढगाळ दिवस किंवा पावसाची भुरभुर चालू असताना जा, गर्दी नाही आणि वाघ हिंडत असतो. कडक उन्हात जाऊन वाघाने काहीच केलं नाही म्हणायचं म्हणजे दुपारी दोनला आपल्या बाबांना उठवून नाच म्हणण्यासारखं आहे.
दुसरं म्हणजे काच. काच आली की जाळी गेली, फोटोला बरं, पण खालच्या तीन फुटांवर मुलांच्या हाताचे आणि नाकाचे ठसे. जिथे रोज सकाळी काच पुसतात ते झू मला आवडतं, बास.

भिंगरी:
माझी बहीण प्राणीशास्त्र शिकून काही वर्षं एका संग्रहालयात काम करत होती म्हणून आतल्या बाजूचं थोडं लिहिते. तिचं म्हणणं, लोकांना ज्याचा राग येतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी प्राण्यासाठी चांगल्या असतात. आठवड्यातून एक दिवस झू बंद असतं, तो नियमच आहे, केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचा, म्हणून कात्रज आणि राणीबाग बुधवारी बंद, मैसूर मंगळवारी. लांबून येऊन बंद फाटक बघणाऱ्यांच्या शिव्या ती रोज ऐकायची. वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपास पण असतो बरेच ठिकाणी, कारण जंगलात काही रोज शिकार मिळत नाही. त्या दिवशी कुणाला कळलं तर ‘खायला देत नाहीत बिचाऱ्याला’ म्हणून तक्रार वहीत लिहिलेली!

आणि लपायला जागा. पिंजऱ्यात जिथे तो आपल्याला दिसणार नाही अशी जागा असलीच पाहिजे, नाहीतर प्राणी सतत दडपणाखाली राहतो आणि मग त्या येरझारा सुरू होतात, एकाच रेषेत, एकाच जागी वळायचं, परत तेच. गंमत बघा, पब्लिक त्यालाच म्हणतं ‘वा, काय ॲक्टिव्ह आहे’. बहिणीला ते बघून पोटात कालवायचं.

झुळूक:
@भिंगरी हे वाचून जरा गप्पच झाले. म्हणजे आपल्याला जे भारी वाटतं ते त्याच्यासाठी भारी असेलच असं नाही.

नर्मदेचा_गोटा:
मुळात झूच कशाला हवेत? पिंजरा तो पिंजराच, काच लावा नाहीतर चर खणा. ह्या धाग्यावर सगळे टॉयलेट आणि पेरूच्या सालीवर चर्चा करताहेत, जनावराला विचारलंय का कोणी.

खडूस_आजोबा:
गोट्या, तू प्रत्येक धाग्यावर हेच लिहितोस बाबा, वडापावच्या धाग्यावर पण उंदीर काढला होतास.

चहाबिस्किट:
@नर्मदेचा_गोटा, तुमचा मुद्दा अगदी उडवून लावण्यासारखा नाही पण दार्जिलिंगचं बघून या असं म्हणेन. पद्मजा नायडू हिमालयन झू, १९५८ चं, सात हजार फुटांवर. हत्ती नाही, जिराफ नाही, सिंह नाही. हिमालयातलेच प्राणी ठेवायचे असं धोरण, लाल पांडा, हिमबिबट्या, हिमालयन लांडगा. आणि तिथे जन्मलेले लाल पांडा २००३ पासून सिंगालीलाच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने मोठ्या झूंची क्रमवारी लावली तेव्हा हे पहिलं आलं, चेन्नईचं वंडलूर दुसरं, मैसूर तिसरं. हे काही पब्लिकच्या मतावर नव्हतं, व्यवस्थापन बघून होतं, पण पब्लिक म्हणून सांगते, मला तिथे एकदाही ‘बिचारा’ म्हणावंसं वाटलं नाही, कारण त्या प्राण्यांना तीच थंडी लागते, तेच धुकं. लाल पांडा फांदीवर पोट टेकवून चारी पाय लोंबकळत सोडून झोपला होता, मधूनच एक डोळा उघडून बघायचा, आमचा ग्रुप त्याच्यासमोरून हलेना, गाईड वैतागला. त्याच तिकिटात शेजारची गिर्यारोहण संस्था आणि तिथलं म्युझियम पण बघता येतं, तेनझिंग नोर्गेंची समाधी तिथेच आहे. फक्त चढ आहे बरं का, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. आणि गुरुवारी बंद.

तर्रीवाला:
आलो परत. आमच्या नागपूरला दोन टोकं आहेत. एक महाराजबाग, भोसल्यांच्या वेळची बाग, शहराच्या मधोमध, लहानपणी शाळेची सहल म्हणजे तीच. आणि दुसरं गोरेवाडा, २६ जानेवारी २०२१ ला इंडियन सफारी सुरू झाली, बसमधून. गोरेवाड्यात पिंजऱ्यात तुम्ही असता, वाघ बाहेर. पोरं खिडकीला चिकटलेली, वाघ दिसला की सगळी बस एका बाजूला. पण बस थांबते किती तर ड्रायव्हरच्या मर्जीने, पाहिला न पाहिला तोच पुढे. त्यामुळे झुळूकताईचा थांबण्याचा नियम लावला तर महाराजबाग जिंकते, कारण तिथे कोणी हाकलत नाही 😂 प्राण्यासाठी विचाराल तर गोरेवाडाच, प्रश्नच नाही.

जरा_ऐका_ना:
पेंग्विनचा विषय अजून कसा आला नाही?? राणीबागेत २०१६ ला सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, एक त्याच वर्षी गेला, मार्च २०१७ ला लोकांसाठी उघडलं, आणि तिकीट पाच रुपयांवरून पन्नास. केवढा वाद झाला होता, मुंबईत उकाड्यात पेंग्विन कशाला म्हणून. आणि गर्दी? वाद घालणारेच पोरांना घेऊन पहिल्या रांगेत. पब्लिकला काय आवडतं ह्याचं सरळ उत्तर आहे, जे दुसरीकडे नाही ते.

खडूस_आजोबा:
@जरा_ऐका_ना, हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरी मुंबईचा मे महिना त्यांना झेपणारा नाही, म्हणून एसी लागतोच. तिकीट वाढलं त्याचा मला फार राग नाही, चार जणांच्या कुटुंबाला शंभर होते, पण पाच रुपयात येणारा जो माणूस होता, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर रविवारी पोरं घेऊन यायचे, त्यांच्यासाठी ती बाग म्हणजे महाबळेश्वर होती. ‘सर्वोत्तम’ ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही, ते काही रिव्ह्यू लिहीत नाहीत.

सिंगापुरी_काजू:
पेंग्विनवरून आठवलं. इथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, १९९० साली इथेच जन्मलं, विषुववृत्ताजवळ जन्मलेलं पहिलं. सगळ्या देशाचं लाडकं, मुलं त्याचे वाढदिवस साजरे करायची. म्हातारपणी फार त्रास व्हायला लागला म्हणून २०१८ मध्ये त्याला शांतपणे जाऊ दिलं, लोक रडले अक्षरशः. पण झूने आधीच जाहीर केलेलं की ह्याच्यानंतर ध्रुवीय अस्वल आणणार नाही, हे हवामान त्याचं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा प्राणी ठेवायचा नाही असं ठरवलं. आणि गर्दी काही कमी झाली नाही. त्यामुळे पब्लिकला नवलाईचंच लागतं हे मला पटत नाही.

भिंगरी:
हो आणि नवलाई म्हणजे पांढरा वाघ. जाईल तिथे ‘पांढरा वाघ कुठाय’ हाच प्रश्न, बहीण म्हणायची रेकॉर्ड करून स्पीकरवर लावून ठेवावं उत्तर. तो काही वेगळा जातीचा नाही, बर्फातला तर नाहीच. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेला मोहन नावाचा बछडा, त्याचंच कूळ जगभर पसरलंय, आणि रंग टिकवायला नात्यात नात्यात संकर करत गेले म्हणून तिरळे डोळे आणि बाकी दुखणी. पाटीवर एवढं चार ओळीत लिहिलं असतं तर लोकांनी वाचलं नसतं का? आपल्याकडच्या पाट्यांवर काय तर शास्त्रीय नाव, आहार, गर्भधारणेचा काळ. गर्भधारणेच्या काळाचं मी काय करू!

निळू_फोटोवाला:
गर्भधारणेचा काळ 😂😂 अगदी अगदी. सगळ्या पाट्या एकाच माणसाने लिहिल्यात.

सॅनडिएगोतली_शेवंता:
उशिरा आले. सॅन डिएगोचं झू १९१६ चं, तिथे भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी आणलेले प्राणी आणि एका डॉक्टरला ऐकू आलेली सिंहाची डरकाळी अशी त्याची जन्मकथा सांगतात. आता शंभर एकर, दऱ्याखोऱ्यांत पसरलेलं, वरून तारेवरचा पाळणा जातो, खालून बस. पण खरं सांगू का, माझ्या आईला तिथे सगळ्यात काय आवडलं तर लाल-निळ्या शर्टातल्या स्वयंसेवक आजी. प्रत्येक मोठ्या जागेपाशी कोणीतरी उभं असतं, हातात कवटी किंवा कातडीचा तुकडा, आणि तुम्ही विचारलंत की गप्पा मारतात. आईला इंग्लिश येत नाही, तरी त्या आजींनी कोआलाच्या पंजाचा साचा तिच्या हातात देऊन दोन अंगठे कसे असतात ते दाखवलं, दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि सगळं कळत होतं. २०२४ ला तिथे परत पांडा आले, त्याच्यासाठी भली मोठी रांग, आई म्हणाली राहू दे गं, चल त्या बाईकडे.

आपल्याकडे निवृत्त शिक्षकांची काय कमी आहे का? एका पिंजऱ्याला एक असं उभं केलं तरी गर्दीची शिट्ट्या मारायची आणि शेंगदाणे फेकायची हिंमत होणार नाही.

अनघा_दोन_पिल्लं:
ह्याला प्रचंड अनुमोदन. शेंगदाणे फेकणं, डिवचणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे हे किती जणांना माहितीये? माकडाला वेफर्स देणाऱ्या एका गृहस्थांना मी बोलले तर म्हणतात ‘मॅडम पुण्य मिळतं’.

नर्मदेचा_गोटा:
चहाबिस्किट, दार्जिलिंगचं वाचलं. जंगलात परत सोडणार असतील तर ठीक आहे. बाकीच्या झूंबद्दल माझं मत तेच.

खडूस_आजोबा:
गोट्या विरघळला! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

मराठवाड्याचा_मोर:
छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाचं नाव कोणीच घेतलं नाही. राणीबागेत २०२० ला शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी गेली ती आमच्याकडूनच. आमचं झू छोटं आहे, पण वाघांच्या पिल्लांच्या बाबतीत आम्ही निर्यातदार आहोत हे नम्रपणे नमूद करतो.

झुळूक:
@मोर, नोंद घेतली 🙏 सगळ्यांचं वाचून मैसूरवरच शिक्कामोर्तब होतंय असं दिसतं, नवरा जिंकला. कोणी हल्ली जाऊन आलंय का? सासूबाईंना किती चालावं लागेल?

चहाबिस्किट:
मैसूर छान आहे, १८९२ चं, पण म्हातारं वाटत नाही. एकाच दिशेने जाणारा रस्ता आहे, बाण धरून चालत राहायचं, चुकायला होत नाही आणि परत उलटं यावं लागत नाही. सुरुवातीलाच जिराफ असल्यामुळे मुलं लगेच खूष. झाडं भरपूर, बागेची आखणी क्रुम्बिगेल नावाच्या जर्मन माणसाच्या हातची आहे. चालणं मात्र साधारण तीन किलोमीटर, बॅटरीची गाडी मिळते पण ती थांबत थांबत जात नाही, त्यामुळे सासूबाईंना गाडीत बसवलंत तर त्यांचा वाघ हुकेल. त्यापेक्षा व्हीलचेअर आहे का ते गेटवर विचारा.
आणि गोरिला चुकवू नका, थाबो आणि डेम्बा, २०२१ ला जर्मनीहून आणलेले दोन नर. त्यांच्यासमोर तुमचा तो थांबण्याचा प्रयोग करून बघा.

निळू_फोटोवाला:
शक्यतो शनिवार-रविवार टाळा, आणि उघडल्या उघडल्या आत शिरा. दसऱ्याच्या आसपास तर मैसूरला पाय ठेवायला जागा नसते.

अनघा_दोन_पिल्लं:
डबा आत नेऊ देतात का ते आधी बघून घ्या, प्लास्टिकवरून बऱ्याच झूंमध्ये गेटवरच पिशव्या तपासतात. मुलांसाठी स्टीलच्या बाटल्या न्या. आणि टॉयलेट दिसलं की जाऊन घ्यायचं, लागली असो वा नसो.

झुळूक:
मंगळवार सोडून तिकिटं बघते. सासूबाई विचारताहेत घोणस आहे का तिथे, लेकाने डोकं खाल्लंय त्यांचं.